सातबारा काढण्याआधी वही काढा



परवा पंचायत समितीच्या कचेरीत हुमणीच्या बंदोबस्ताची पत्रके गावोगाव पाठवण्याच्या गडबडीत होतो. तेवढ्यात ओळखीचे एक बागायतदार आत आले. वय साठीच्या पुढे, हातात सातबाऱ्याचा ताजा उतारा. मला वाटले, ठिबकच्या अनुदानाचे काही काम असेल. खुर्चीवर टेकत ते म्हणाले, "साहेब, विहिरीखालची दोन एकर काढायची म्हणतोय. काय दर येईल, जरा अंदाज सांगा."

मी चपापलो. विहिरीखालची जमीन म्हणजे त्यांच्या घराची भाकरी. "का हो नाना, कुठं अडलं?"

"अडलं नाही. धाकटा कॅनडाला जायचं म्हणतोय. इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरीला आहे. बायको, पोरगी, तिघंही जाणार. एजंट म्हणाला, चार लाखांत सगळं काम होतं. वर थोडे हाताशी असावेत म्हणून जमीन काढतो."

"चार लाखांत काय काय येतं, हे त्यानं लिहून दिलं का?"

नाना गप्प बसले. मी म्हटले, "नाना, तुम्ही विहीर काढलीत तेव्हा नुसत्या खोदाईचा हिशेब केला होता का? खोदाई, सुरुंग, बांधकाम, मोटर, पाइप, विजेची जोडणी, सगळं वहीत मांडलं होतंत. विहीर झाली आणि मोटरीला पैसे उरले नाहीत, तर त्या पाण्याचा उपयोग काय?"

मग कपाटातून कोरी वही काढली आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. या सदरात खतांचा, बियाण्यांचा हिशेब असतो, मग आज हे कोठून आले, असे काहींना वाटेल. पण पोराच्या परदेशाच्या अर्जाचा पैसा उसाच्या बिलातून किंवा बांधावरूनच निघणार असेल, तर हा विषय शेतीचाच आहे.

अर्ज कशाचा?

कॅनडात कायम राहण्याची परवानगी कुशल कामगारांना देण्याची 'एक्स्प्रेस एंट्री' नावाची पद्धत २०१५ पासून चालू आहे. भारतात राहून अर्ज करणारे बहुतेक लोक तिच्यातील 'फेडरल स्किल्ड वर्कर' या योजनेत येतात. त्यासाठी कुशल कामाचा निदान एक वर्षाचा सलग अनुभव, ठरावीक दर्जाचे इंग्रजी किंवा फ्रेंच आणि शिक्षण लागते. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना मिळून शंभरांपैकी सदुसष्ट गुण पडले की माणूस पात्र ठरतो.

पण पात्र ठरला म्हणजे निवडला गेला असे नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. पात्र लोकांची नावे एका यादीत जातात. तेथे १२०० पैकी वेगळे गुण लागतात, आणि सरकार मधूनमधून फेऱ्या काढून वरच्या लोकांना निमंत्रण देते. २०२३ पासून ठरावीक व्यवसायांसाठी आणि फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या. २०२४ च्या उत्तरार्धात आणि २०२५ मध्ये बहुतेक फेऱ्या अशा खास गटांसाठी, कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठी किंवा तेथील प्रांतांनी निवडलेल्यांसाठी होत्या. म्हणजे पेरणी केली तरी पाऊस आपल्या शिवारात पडेलच असे नाही. म्हणून या खर्चाची चार खाती करावीत: निमंत्रणाआधीचा खर्च, निमंत्रणानंतरचा खर्च, दाखवायचा पैसा आणि जाण्याचा खर्च.

नानांचा मुलगा, सून आणि नात अशी तीन माणसे आम्ही धरली. सोयीसाठी एक कॅनेडियन डॉलर म्हणजे ६५ रुपये मानले. तुम्ही हिशेब कराल त्या दिवशीचा दर घ्या.

पहिले खाते : निमंत्रणाआधीचा खर्च

यादीत नाव घालायला फी नाही. पण नाव घालण्याआधी काही कागद हाती असावे लागतात.

इंग्रजीची परीक्षा (आयईएल्टीएस, जनरल प्रकार) : माणशी सुमारे १८,००० रुपये. सुनेनेही दिली तर गुण वाढतात, म्हणून दोघांचे ३६,००० रुपये.

शिक्षणाची तपासणी : आपली पदवी तिकडच्या कोणत्या शिक्षणाबरोबरीची, याचा दाखला. सुमारे २५० डॉलर, म्हणजे १६,२५० रुपये. विद्यापीठाकडून गुणपत्रके पाठवणे व कुरिअर धरून माणशी २१,२५० रुपये. दोघांचे ४२,५०० रुपये.

पासपोर्ट : मोठ्यांचे प्रत्येकी १,५०० आणि मुलीचा १,००० रुपये. एकूण ४,००० रुपये.

येणेजाणे, झेरॉक्स, किरकोळ : ८,००० रुपये.

बेरीज ९०,५०० रुपये. निमंत्रण आले नाही तर हा सगळा पैसा गेला असे समजायचे. बी उगवले नाही तर दुकानदार पैसे परत देत नाही, तसेच हे. शिवाय या कागदांना मुदत असते. इंग्रजीचा निकाल दोन वर्षे चालतो, शिक्षणाचा दाखला पाच वर्षे आणि यादीतले नाव बारा महिने. नाव पुन्हा घालायला पैसे पडत नाहीत, पण दोन वर्षांत निमंत्रण आले नाही तर परीक्षेचा खर्च दुबार पेरणीसारखा पुन्हा येतो.

दुसरे खाते : निमंत्रणानंतरचा खर्च

निमंत्रण आल्यावर ६० दिवसांत पूर्ण अर्ज भरावा लागतो. येथे मोठी फी आहे. ३० एप्रिल २०२४ पासून जे दर लागू झाले त्यांत मोठ्या माणसाला अर्जाची फी ९५० डॉलर आणि कायम राहण्याच्या हक्काची फी ५७५ डॉलर होती. मुलाची फी २६० डॉलर. बोटांचे ठसे व फोटो यांचे दोघांचे मिळून १७० डॉलर. चौदा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. तिघांचे मिळून ३,४८० डॉलर, म्हणजे २,२६,२०० रुपये. हे दर दोन वर्षांनी वाढवतात, म्हणून आम्ही शेकडा पाच जास्त धरून २,३७,५०० रुपये लिहिले. तुम्ही भराल त्या दिवशीचा दर कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा.

वैद्यकीय तपासणी : आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, मुंबईसारख्या शहरात जावे लागते. २१ ऑगस्ट २०२५ पासून ही तपासणी अर्ज भरण्याआधीच उरकावी लागते. माणशी ८,००० धरून २४,००० रुपये.

पोलिसांचा चारित्र्य दाखला : पासपोर्ट कचेरीतून माणशी ५०० रुपये. दोघांचे १,००० रुपये. मुलगा पूर्वी दुबईला किंवा आणखी कोठे सहा महिने वा जास्त राहिला असेल, तर तिकडचाही दाखला आणि त्याचा खर्च आला.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर (जन्मदाखला, विवाह नोंदणी) व प्रतिज्ञापत्र : ५,००० रुपये.

डॉलरमध्ये पैसे भरताना बँक कापून घेते ती रक्कम : ९,५०० रुपये.

प्रवास, मुक्काम : १०,००० रुपये.

बेरीज २,८७,००० रुपये. अर्ज नामंजूर झाला तर हक्काची फी परत मिळते. अर्जाची फी मात्र काम सुरू झाल्यावर परत मिळत नाही.

तिसरे खाते : दाखवायचा पैसा

येथे नानांनी चष्मा काढून डोळे पुसले. कारण हे खाते एजंटाने सांगितलेच नव्हते.

तिकडे गेल्यावर नोकरी लागेपर्यंत कुटुंब पोसण्याइतका पैसा आपल्याकडे आहे, असे सिद्ध करावे लागते. ७ जुलै २०२५ रोजी ठरवलेले आकडे असे : एकट्यासाठी १५,२६३ डॉलर, दोघांसाठी १९,००१, तिघांसाठी २३,३६० आणि चौघांसाठी २८,३६२. हे आकडे दरवर्षी बदलतात. बायको-मुले मागे राहणार असली तरी ती मोजावीच लागतात. कॅनडातील कामाच्या अनुभवावर अर्ज करणाऱ्याला ही अट नाही. जो तिकडे काम करायचा परवाना आणि ग्राह्य नोकरीचे पत्र बाळगून आहे, त्यालाही नाही. इतरांना आहे.

तिघांचे २३,३६० डॉलर म्हणजे १५,१८,४०० रुपये. हा पैसा फीमध्ये जात नाही, तो आपलाच राहतो. पण अर्ज करताना आणि पुढे परवानगी मिळतानाही तो खात्यावर हवा. म्हणजे जवळजवळ वर्षभर तो हलवायचा नाही. खत, मजुरी, लग्नकार्य, कशालाही हात लावायचा नाही.

चौथे खाते : जाण्याचा खर्च

तिघांची विमानाची तिकिटे आम्ही २,४०,००० रुपये धरली. थंडीचे कपडे, बूट, सामान आणि थोडा आरोग्य विमा यांचे ६०,००० रुपये. ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात सरकारी आरोग्य विमा लागू व्हायला तीन महिन्यांपर्यंत लागतात. त्या काळात आजारपण आले तर खिशातून भरावे लागते. बेरीज ३,००,००० रुपये.

आता चारही खात्यांची बेरीज करा : २१,९५,९०० रुपये. म्हणजे बावीस लाखांच्या घरात. त्यांतले ६,७७,५०० रुपये खर्ची पडणारे आणि १५,१८,४०० रुपये दाखवायचे. एजंटाची फी यात धरलेली नाही. चार लाखांचे काम ते हे असे.

जमीन का चालत नाही?

नाना म्हणाले, "पण साहेब, माझी जमीन आहे की. दोन एकर बागायत दाखवली तर पंधरा लाखांचं काय घेऊन बसलात?"

बंधूंनो, हीच मेख आहे. दाखवायच्या पैशात जमीन-घर चालत नाही. सातबारा कितीही मोठा असला तरी त्या खात्यात त्याची किंमत शून्य. उसनवारीचा पैसाही चालत नाही. बँकेचे पत्र लागते. त्या पत्रात खाते केव्हा उघडले, आज शिल्लक किती, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक किती आणि अंगावर कर्ज किती, हे सगळे लिहावे लागते. मुदत ठेव असेल तर ती केव्हाही मोडता येणारी आणि कर्जात न अडकलेली असावी.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरचेच उदाहरण सांगतो. भाचा हुशार, नोकरी चांगली. त्याला निमंत्रण आले. पेढे वाटले. मग कळले की पैसा दाखवायचा आहे. हातात ६० दिवस. मेव्हण्यांनी रस्त्याकडेचा सव्वा एकराचा तुकडा काढला. गरजवंताला अक्कल नसते आणि घेणाऱ्याला ती दुप्पट असते. पडत्या दराने सौदा झाला. पैसे खात्यावर आले तेव्हा मुदतीचे अठरा दिवस उरले होते. सहा महिन्यांची सरासरी काढली तर हाती जेमतेम. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाषांतरे, सगळे धावतपळत जमवायचे. तेवढ्यात भाच्याच्या नावावरचे गाडीचे कर्ज पत्रात निघाले आणि शिल्लक आणखी खाली आली. शेवटी मुदत टळली. निमंत्रण गेले. भाचा आजही पुण्यात आहे, सुखात आहे. पण तो तुकडा दुसऱ्याच्या नावावर लागला तो लागलाच. बहीण त्या रस्त्याने जाताना अजून तोंड फिरवते. मी शेतीखात्यातला माणूस, गावाला हिशेब शिकवतो, आणि माझ्या घरात कोणी वही काढली नाही. म्हणून आज इतके खोलात जाऊन लिहितो आहे.

आई-वडिलांनी मुलाला पैसा देऊ नये असे मी म्हणत नाही. द्यायचा तर परत न घेण्याच्या बोलीने द्यावा, रीतसर बक्षीसपत्र करावे, पैसा कोठून आला त्याचे कागद जपावेत, आणि तो निमंत्रणाची वाट न पाहता निदान सहा-सात महिने आधी मुलाच्या खात्यावर टाकावा. ज्याच्याकडे पैसा असा आधी ठेवण्याची ऐपत नाही, त्याने अर्ज एक-दोन वर्षे पुढे ढकलावा. त्यात कमीपणा नाही. मात्र वयाचे गुण तिशीपासून दरवर्षी उतरतात, तेही हिशेबात धरावे.

एजंटाचे काय?

हा अर्ज स्वतः भरता येतो. शिकलेल्या मुलाला तो अवघड नाही. मदत घ्यायचीच असेल, तर पैसे घेऊन असे काम करण्याचा अधिकार कॅनडातील वकिलांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि तेथील इमिग्रेशन सल्लागारांच्या अधिकृत मंडळाच्या सभासदांनाच आहे. सभासदाचे नाव मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येते. फी किती, तिच्यावर शेकडा १८ जीएसटी किती, हप्ते कोणते, निमंत्रण आले नाही तर परत किती, हे सर्व लिहून घ्यावे. बियाण्याची पिशवी पावतीशिवाय घेऊ नका, हे मी तुम्हाला दरवर्षी सांगतो. येथेही तेच. निवड हमखास करून देतो, असे म्हणणाऱ्याला चहा पाजून रस्ता दाखवावा. निवड गुणांवर होते, कोणाच्या हमीवर नाही.

आणखी एक छुपी गोष्ट. पैसा परदेशी पाठवताना एका माणसाने आर्थिक वर्षात १० लाखांहून जास्त पाठवले, तर अशा कामासाठी वरच्या रकमेवर बँक शेकडा २० कर आगाऊ कापते. हा नियम १ एप्रिल २०२५ पासून आहे. पंधरा लाख अठरा हजार एकाच्याच नावे पाठवले तर १,०३,६८० रुपये अडकतात. विवरणपत्र भरल्यावर ते वळते करून घेता येतात, पण तोवर हाती नसतात. पाठवण्याआधी हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा.

घराचे पाचवे खाते

नानांच्या वहीत मी शेवटी एक पान जास्त घातले. या अर्जात आई-वडिलांची नावे घालता येत नाहीत. पोरगा गेल्यावर नाना आणि वहिनी येथेच राहणार. मग त्यांचे काय? पुढच्या हंगामाचे बियाणे, खत, मजुरी. सोसायटीचे पीककर्ज. वहिनींच्या गुडघ्यांचे औषधपाणी. एखादे वर्ष पाऊस दगा देईल त्याची तजवीज. विहिरीखालची दोन एकर गेली, तर हे पान कशाने भरायचे? एवढे लिहून मी वही त्यांच्याकडे सरकवली.

तेव्हा आमचे ठरले ते असे. तुम्हालाही पटले तर हाच क्रम ठेवा.

पहिले खाते मुलाने स्वतःच्या पगारातून भरावे. आधी परीक्षा द्यावी, गुण मोजावेत, आणि आपल्यासारख्यांना किती गुणांवर निमंत्रण आले ते मागच्या फेऱ्यांत पाहावे. गुण फारच कमी पडत असतील, तर तेथेच थांबावे. नुकसान नव्वद हजारांवर थांबते, जमिनीवर जात नाही.

गुण पुरेसे असतील, तर मुलाने व सुनेने दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यावर टाकून तिसरे खाते भरायला घ्यावे. गाडीचे, घरगुती वस्तूंचे कर्ज आधी फेडावे. दुसऱ्या खात्याचे तीन लाख तयार ठेवावेत, पण निमंत्रण येईपर्यंत एक रुपयाही कोणाला आगाऊ देऊ नये.

वडिलांनी काही द्यायचे तर उसाच्या बिलातून, झेपेल तेवढे, आणि वेळेआधी द्यावे. जमिनीचा विचार सगळ्यांत शेवटी. तोही घरातल्या सर्वांनी एकत्र बसून, पाचवे पान वाचून करावा.

नाना उठले. सातबाऱ्याची घडी घालून त्यांनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि वही काखेत मारली. म्हणाले, "रविवारी पोरगा येतोय. त्याच्यापुढं ही वही ठेवतो. त्याला म्हणतो, तू आधी तुझं पान भर, मग माझं मी बघतो."

गेल्या सोमवारी त्यांचा निरोप आला. मुलाने परीक्षेची तारीख घेतली आहे. गाडीचे कर्ज आधी फेडायचे ठरले आहे. आणि विहिरीखालच्या दोन एकरांत नानांनी आडसाली उसासाठी सरी पाडली आहे.

पोरांना जाऊ द्यावे. पंख फुटले की पाखरू उडणारच. पण ते उडताना फांदी मोडू नये, एवढी काळजी आपण वडीलधाऱ्यांनी घ्यावी.

पुढील अंकी रब्बी ज्वारीच्या पेरणीपूर्व मशागतीविषयी बोलू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी